अकराव्या भागाची पाळी

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, आडनाव विचारलं नाही, लग्नाचं तर अजिबात नाही. दारातच उभं करून म्हणाले, "मॅडम, तुमचं उणं काय?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे कमजोरी. बळ नंतर सांगा. बळ सगळेच सांगतात."

मी तेव्हा वाटूरच्या सरकारी दवाखान्यात लॅबमध्ये नवीनच लागले होते. जालन्याहून रोज येणं जमेना, आणि फाट्यावर एकट्या बाईला खोली द्यायची म्हटलं की लोक असे निरखून बघायचे, जसं काही रक्त माझंच तपासायचंय. त्या दिवशी हे चौथं घर होतं. पाय दुखत होते, डोकं तापलं होतं. तोंडाला आलं ते सांगून टाकलं, "मला उंचीची भीती वाटते."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "खोटं आहे. पण चालंल. खोली खालीच आहे."

अट एकच होती. दर रविवारी दुपारी ओसरीवर खेळायला बसायचं. पत्ते असतील, फार तर सारीपाट, असं समजून मी हो म्हटलं. पुढची अडीच वर्षं माझे रविवार कुठे गेले असं कुणी विचारलं तर मला सांगताच येत नाही, कारण मी काजळकोटच्या राज्यात होते असं सांगितलं तर लोक मलाच तपासायला पाठवतील.

गाव त्यांना मोजणीसाहेब म्हणायचं. सगळा जन्म भूमिअभिलेखात गेला. लोकांची शेतं मोजायची, हद्दीच्या खुणा दाखवायच्या आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या. रिटायर झाल्यावर शेतं सुटली पण मोजणं सुटलं नाही. नळापासून पायरीपर्यंत किती पावलं, पायरीपासून तुळशीपर्यंत किती, सगळं तोंडपाठ. कोणत्याही गोष्टीवर त्यांचे दोनच शेरे असायचे: "जुळतं" नाहीतर "जुळत न्हाई." चहा जुळायचा नाही. बातम्या जुळायच्या नाहीत. माझ्या आईनं एकदा एका स्थळाचा कागद पाठवला होता, तो मी ओट्यावर विसरले. संध्याकाळी त्यावर लाल शाईत शेरा होता. मी चिडून विचारलं, "पत्रिका बघता येते का तुम्हाला?" तर म्हणाले, "पत्रिका न्हाई बघितली. पोरगा म्हणतोय उंची पाच फूट दहा. फोटोत दाराला टेकून उभा आहे, दाराची कडी त्याच्या कानाला येऊन राह्यली. एवढ्या वर कडी कोण बसवतं? जुळत न्हाई." स्थळ मी तसंही नाकारणार होते, पण राग आलाच.

काकू, म्हणजे त्यांची बायको, पुण्याला नातवंडं सांभाळायला मुलाकडे असायच्या. हे जायचे नाहीत. "तिकडं मला काही मोजायला न्हाई," म्हणायचे. स्वयंपाक स्वतः करायचे. भाकरी कंपासनं काढल्यासारखी गोल आणि चवीला पुठ्ठा. ओसरीवर खुर्च्या चार, राहणारा माणूस एक. खुर्च्या रोज पुसायचे.

आता खेळ. तो कळायला मला तीन रविवार लागले.

काजळकोट ही साहेबांनी लहानपणी वाचलेली कादंबरी. अकरा भाग. राजपुत्र, राक्षस, जादूगार, शाप, सगळा माल ठासून भरलेला. रिटायर झाल्यावर एका दिवाळीत पुतण्या मित्र घेऊन आला आणि ती पोरं दोन दिवस गच्चीवर एक खेळ खेळत बसली. एकजण गोष्ट सांगणार, बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढं कुठं जाईल ते कुणालाच ठाऊक नाही. साहेब दोन दिवस जिन्यात बसून ऐकत होते. पोरं गेल्यावर त्यांनी नवी वही उघडली. फाशांच्या जागी सात कवड्या. प्रत्येक पात्राचं बळ निळ्या शाईनं, उणं लाल शाईनं. बळ कितीही घ्या. उणं एकच घ्यायचं, पण खरं.

खेळायला आम्ही दोघी. मी आणि शेजारच्या गिरणीवाल्या मावशी. मावशी फक्त लाईट गेल्यावर यायच्या, कारण लाईट असली की गिरणी चालू. त्यामुळे काजळकोटची सगळी युद्धं भारनियमनावर अवलंबून होती. मावशींचं बळ हत्तीचं, उणं लगेच राग येणं, आणि हे दोन्ही लिहायचीसुद्धा गरज नव्हती.

"तुम्ही खिंडीत उभ्या आहात," साहेब डोळे मिटून सांगायचे. "समोर राक्षसाचं रान. काय करता?"

"पेटवून देते," मावशी.

"रान ओलं आहे."

"मंग राकेल टाकून पेटवते. पन पेटवते."

नकाशा मात्र बघण्यासारखा. दोन हात लांब कागद, प्रमाण दिलेलं, उत्तर दिशा दाखवलेली. राजवाड्याला गट नंबर, शापित तळ्याला गट नंबर. राक्षसाच्या गुहेभोवतीची जमीन पोटखराब, म्हणजे पिकाला निकामी, म्हणून वेगळी रंगवलेली. मी चेष्टेनं विचारलं, "राक्षसाचा सातबारा पण असेल!" तर गंभीरपणे म्हणाले, "फेरफार व्हायचा आहे. बाप मेला ना त्याचा चौथ्या भागात."

खरं सांगायचं तर हा खेळ अर्धा भिकार होता. रान ओलांडायचं तर प्रत्येक टप्प्याला कवड्या टाका, घोडा थकला का पाहा, पुन्हा टाका. चौथ्या भागात राजपुत्र एका रात्रीत नदीवर पोचतो आणि राणीला वाचवतो असं कादंबरीत आहे. साहेबांनी अंतर मोजलं, घोड्याचा वेग धरला आणि वहीत लिहिलं: जुळत नाही. त्यामुळे आमच्या खेळात राणी दर वेळी बुडायची. मी भांडायचे, "अहो, गोष्ट आहे ती! पोचू द्या की त्याला!" ते म्हणायचे, "जमीन जेवढी असते तेवढीच असते, मॅडम." दोन दोन रविवार आम्ही त्या नदीकडे नुसतं चालत होतो. मावशी तर एकदा चालता चालता झोपल्या.

आणि उरलेला अर्धा खेळ! त्याच्यासाठी मी सोमवारपासून रविवारची वाट बघायचे. तिसऱ्या भागात एक सोनार होता, माणसाची सावली गहाण ठेवून घ्यायचा. पाचव्यात एक घोडा, तो रडला तरच वाट दिसायची, आणि त्याला रडवायचं कसं तर आपण स्वतः खरंखुरं रडून. आणि नवव्या भागातली ती दारवाली. तिला डोळे नाहीत. दारापाशी बसलेली असते. तलवारीला घाबरत नाही, सोनं घेत नाही. फक्त विचारते, तुझं उणं सांग. खरं सांगितलं तर दार उघडतं. खोटं सांगितलं तर काही शिक्षा नाही, फक्त दार बंद राहतं. घर बघायला आलेल्या माणसाला दारातच उणं विचारायचं, हे साहेबांनी या बाईवरूनच घेतलं होतं.

माझं उंचीचं उणं घेऊन मी त्या दारापुढे पाच महिने उभी होते. दर रविवारी साहेब म्हणायचे, "दार बंद आहे." मावशी पहिल्या फटक्यात आत गेल्या होत्या.

हे असं का, एक भाग जिवंत आणि दुसरा मेलेला, ते मला कळेना. नीट पाहिलं तर दोन, चार, सहा, आठ, दहा हे भाग रटाळ. एक, तीन, पाच, सात, नऊ हे उत्तम. आणि अकराव्या भागाची पानं वहीत कोरी. गोष्टीला शेवटच नव्हता. म्हणजे एवढं सगळं करून जिंकायचं काय, तेच ठाऊक नाही.

मी विचारलं तेव्हा साहेब चौथ्या खुर्चीकडे बघायला लागले. ती खुर्ची कायम रिकामी. तिच्यापुढेही दर रविवारी सात कवड्या मांडलेल्या. खेळ सुरू करण्याआधी ते रस्त्यापर्यंत जायचे, आष्टीच्या बाजूला तोंड करून थोडा वेळ उभे राहायचे आणि परत यायचे.

पुढचं मला मावशींनी सांगितलं, निम्मं. उरलेलं साहेबांनी स्वतः, एका रविवारी लाईट गेलीच नाही तेव्हा.

शाळेत पुस्तकांची पेटी होती. गुरुजी एका पोराला एक पुस्तक आठवड्यासाठी द्यायचे. साहेब आणि त्यांचा एक दोस्त, दोघांनी ठरवलं की पाळी लावायची. पहिला भाग दोस्तानं न्यायचा, दुसरा ह्यांनी, तिसरा दोस्तानं. शनिवारी शाळा सुटली की बाभळीखाली बसून आपापला भाग एकमेकांना सांगायचा. "मी सांगायचो जसं आहे तसं," साहेब म्हणाले. "तो सांगायचा, आन् मला घरी जायचं भान राह्यचं न्हाई. काय वाचायचा मॅडम तो! असा वाचणारा म्या जिंदगीत बघितला न्हाई."

अकरावा भाग दोस्ताच्या पाळीचा. तो पुस्तक घरी घेऊन गेला आणि त्याच आठवड्यात त्याला बापानं शाळेतून काढून कायमचा गुरांमागे लावला. मग ते राहूनच गेलं. "अकरावा कधी सांगतो?" हे विचारत दोघं मोठे झाले. तो म्हणायचा, लग्नात सांगतो. मग म्हणायचा, पोराच्या बारशात सांगतो. साहेबांनी बदल्या भोगल्या, कुठल्या कुठल्या तालुक्यात राहिले. ठरवलं असतं तर पुस्तक कधीही मिळालं असतं. पण पाळी त्याची होती. म्हणून ह्या माणसानं जन्मभर एक, तीन, पाच, सात, नऊ आणि अकरा हे भाग हातात घेतले नाहीत. हे ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला.

आणि मग नोकरीच्या शेवटी शेवटी त्या दोस्ताच्याच बांधाची मोजणी ह्यांच्या वाट्याला आली. हद्द निघाली तशी दाखवली. विहीर शेजाऱ्याच्या गटात गेली. दोस्तानं कागद वाचला, सही केली, आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. त्याला अठरा एकोणीस वर्षं झाली होती.

"मी चुकीचं मोजलं न्हाई," साहेब म्हणाले. "पुन्हा तीनदा ताळा केला. आन् त्यानं सोता वाचून सही केली, मॅडम. हरकत घ्यायची तर तिथंच घ्यायची व्हती. मंग राग कशाचा? हे काही मला जुळून न्हाई राह्यलं." हे सांगताना त्यांचा आवाज असा झाला की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

आता मी काय केलं ते सांगते. मला आगाऊपणा करायची सवय आहे, ती आधीपासूनच आहे. जालन्याला घरी गेले तेव्हा एका रद्दीवाल्याकडे मला काजळकोटचे दोन भाग सापडले. नववा आणि अकरावा. इतका आनंद मला नोकरीची ऑर्डर आली तेव्हासुद्धा झाला नव्हता. एस.टी.त बसल्या बसल्या नववा उघडला.

त्यात दारवाली नव्हती. पुन्हा पाहिलं. डोळे नसलेली नाही, डोळे असलेली नाही. दारच नव्हतं. राजपुत्र सुरुंग लावून भिंत पाडतो आणि आत जातो, झालं. रटाळ म्हणजे किती रटाळ! परतूरचा एक कंडक्टर तिकिटाचा हिशोब याच्यापेक्षा रंगवून सांगायचा.

मला वाटलं, साहेबांनी स्वतः रचलंय. कौतुकानं सांगायला गेले तर असे चिडले की हातातली तांब्याची पळी खाली पडली. "मी? एक अक्षर वाढवलेलं न्हाई! जे जमिनीवर तेच नकाशावर. त्यानं जे वाचून सांगितलं बिलकुल तेच लिव्हलंय." पिशवीतली पुस्तकं दाखवली तर त्यांनी त्यावर टॉवेल टाकला. "झाका. पाळी त्याची आहे."

तो दोस्त मला ठाऊक होता. सगळी पंचक्रोशी त्याला आबा म्हणायची. आष्टी रोडला शेत, महिन्यातून एकदा शुगर तपासायला माझ्या खिडकीवर यायचा. उंच, काळा, आवाज खर्जातला, बाकावर बसलेल्या पेशंटना असं काही सांगत बसायचा की नंबर पुकारला तरी माणसं उठायची नाहीत. रिपोर्ट हातात दिला की दर महिन्याला एकच: "पोरी, चष्मा घरी राह्यला. तूच सांग किती निघाली."

त्या महिन्यात आला तेव्हा मी रिपोर्ट पुढे केला. "चष्मा घरी राह्यला," आबा म्हणाला. चष्मा त्याच्या खिशात होता. काडी बाहेर दिसत होती. महिनोन् महिने मी ती काडी बघत होते आणि मला काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

खिडकीवर गर्दी नव्हती. मी हळूच म्हटलं, "आबा, नवव्या भागात दारवाली नाहीये."

आबानं मागं वळून बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. मग आत येऊन स्टुलावर बसला.

"तुला कुठं भेटलं पुस्तक?"

"जालन्यात."

"सोनार हाय का त्याच्यात? तिसऱ्यात?"

"तिसरा मिळाला नाही."

"नसंल," आबा म्हणाला. "म्याच बशिवला त्याला. मला कुठं वाचता येत व्हतं गं! अक्षरं सुटी सुटी असली तर जरा लागायची. जोडाक्षर आलं की संपलं. गुरुजी मारायचे, मंग गप बसायचो. ह्यो मला म्हनला पाळी लावू. आता दोस्ताला कसं सांगावं? पुस्तक घरी न्यायचो, चित्रं बघायचो, आन् गुरामागं हिंडता हिंडता मनानं रचायचो. शनवारी सांगायचो. त्याला लई आवडायचं. त्याचं त्वांड बघितलं की मलाच खरं वाटायचं."

मी विचारू नये ते विचारलं. "आणि तो मोजणीचा कागद?"

आबानं बाहेर दिसणारी चष्म्याची काडी खिशात ढकलली. "चार मान्सं उभी व्हती. शेजारी व्हता, त्याची पोरं व्हती. ह्यानं कागद म्होरं धरला. म्हनला, वाच आन् सही कर. म्या म्हनलो, चष्मा न्हाई. तर ह्यानं सोताचा काढून दिला. मंग काय करू? लावला. वाचल्यावानी केलं, पान बी उलटलं. केली सही. खाली लिव्हल्यालं व्हतं म्हनं, हिरीच्या पान्यावर माझा हक्क न्हाई. पाळी तरी मागितली असती गं! आर्धा दिस पानी भेटलं असतं तर मोसंबी जळली नसती."

"पण त्यांना काय माहीत, आबा? त्यांना वाटतं तुम्ही वाचलं."

"वाटू दे की. वाटनारच. जलमभर म्याच त्याला वाचून दाखवलं." तो उठला. "पन दोस्त व्हता ना? त्वांडानं एकदा म्हनायचं, आबा, हिर चालली. मान्साला त्वांड दिलंय कशाला? घे शपथ. त्याला सांगनार न्हाईस. माझ्याजवळ तेवढंच एक राह्यलंय, की त्याला वाटतं मी वाचत व्हतो."

मी शपथ घेतली. आणि तीन रविवार मला अन्न गोड लागलं नाही. एक इकडे रिकामी खुर्ची पुसून राहिलाय, दुसरा तिकडे वाळलेल्या बागेत बसून राहिलाय, आणि मधल्या दाराची किल्ली माझ्याकडे! मी का म्हणून सांभाळू? मी रक्त तपासायला आले होते.

चौथ्या रविवारी दोन वाजता लाईट गेली. मावशी पदराला पीठ पुसत आल्या. साहेब रस्त्यापर्यंत जाऊन आले, चार ठिकाणी कवड्या मांडल्या.

"मॅडम, तुम्ही दारापुढं आहात. दारवाली विचारते, तुझं उणं सांग."

"उणं बदलायचंय," मी म्हटलं.

त्यांनी लाल पेन काढलं. "सांगा."

"मला वाचता येत नाही. पण माझ्या दोस्ताला वाटतं, मी फार वाचतो. एकदा त्यानं चारचौघांत माझ्यापुढे कागद धरला. मी म्हटलं चष्मा नाही. त्यानं स्वतःचा चष्मा काढून दिला."

मावशी हसल्या. "हे काय बाई उणं! दवाखान्यातल्या मॅडमला म्हनं वाचता येत न्हाई!" तेवढ्यात लाईट आली, गिरणीचा पट्टा घरघरला आणि त्या पळाल्या.

साहेबांनी पेन टेकवलं होतं, ते तसंच. कागदावर लाल ठिपका मोठा होत गेला.

"हे उणं कुणाचं आहे, मॅडम?"

"खेळातलं आहे, काका."

"खेळात खोटं चालत न्हाई."

"खोटं नाहीये."

त्यांनी चष्मा काढला आणि हातात धरून बघत बसले. मला भीती वाटली. म्हातारं माणूस, बीपीची गोळी चालू. मग म्हणाले, "दार उघडलं," कारण नियम तसा होता. आणि वही मिटून आत गेले.

सकाळी सहाला माझं दार वाजलं. इस्त्रीचा शर्ट, काखेत जुनी फाईल. "चला. पंच लागतो."

आष्टीच्या गाडीनं गेलो. शेतात आबा बाभळीच्या बुंध्याला टेकून बसला होता. आजूबाजूला मोसंबीची वाळलेली खोडं, त्यानं ती काढलीच नव्हती. आम्हाला बघितलं, मग फक्त माझ्याकडे बघितलं.

"सांगितलंस."

"खेळात सांगितलं," मी म्हटलं, आणि माझं मलाच ते उत्तर घाणेरडं वाटलं.

साहेब पुढे झाले. आबासमोर ढेकळात मांडी घालून बसले, फाईल उघडली, मोजणीच्या कागदाची नक्कल काढली आणि मोठ्यानं वाचायला लागले. गट नंबर. अर्जदार. लगतधारक. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. जोडाक्षर आलं की थांबून पुन्हा वाचायचे. सगळा कागद वाचला. शेवटी आलं, विहीर लगतच्या गटात पडत असून तिच्या पाण्यावर खातेदाराचा हक्क राहणार नाही, हे वाचून पाहिले व मान्य आहे. तिथं आवाज फुटला. तरी त्यांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"लई रटाळ वाचतो तू," आबा म्हणाला. "पहिल्यापासून."

"हं."

"झालं?"

"झालं." मग साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि सरकारी आवाजात विचारलं, "वाचून दाखवलं. समजलं. सही करता का?"

आबानं विहिरीकडे बघितलं. शेजाऱ्याची मोटर चालू होती, पाण्याचा आवाज येत होता.

"न्हाई," आबा म्हणाला. "न्हाई करत."

साहेबांनी कागदाच्या खाली लाल शाईत लिहिलं: खातेदार हरकत घेतात. तारीख टाकली. मी पंच म्हणून सही केली. त्या कागदाला कुठल्याही कचेरीत काडीची किंमत नाही, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं. आबानं तो घडी घालून टोपीत ठेवला.

मला वाटलं, आता हे गळ्यात पडतील. कोणी पडलं नाही. साहेबांनी नुसतं विचारलं, "अकराव्यात काय होतं?"

आबानं तंबाखू मळली, बार भरला. "पंचाला घरी धाड," तो म्हणाला. "पाळी आपल्या दोघांची व्हती."

मी निघाले. बांधाच्या कडेनं रस्त्यावर येईपर्यंत आबाचा तो खर्जातला आवाज मागून येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा साहेब मोठ्यानं हसले. त्यांना हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. गाडीला तासभर उशीर होता, मी रस्त्याच्या कडेला एकटी उभी राहिले.

त्यानंतर आबा माझ्या खिडकीवर कधी आला नाही. शुगर तपासायला आष्टीला जायला लागला. मी शपथ मोडली होती, त्याचं ते बरोबरच होतं. आणि साहेब दर रविवारी सकाळच्या गाडीनं शेतात जायचे ते अंधार पडताना परत यायचे. लाईट गेली की मावशी डोकावायच्या, "आज बी न्हाई का?" म्हणायच्या आणि जायच्या. मी ओसरीवर चार खुर्च्यांपैकी एका खुर्चीत बसायचे. असलं वाईट वाटायचं! मीच जुळवलं होतं आणि मलाच त्याचा राग यायचा, हे आता कबूल करायला काय हरकत आहे?

पुढे माझी बदली झाली. निघताना साहेबांनी वही माझ्या हातात दिली. म्हणाले, "मला आता लागत न्हाई."

आता दुसऱ्या गावात, दुसऱ्या खोलीत ती वही माझ्याजवळ आहे. छापील अकरावा भागही आहे. त्यात राजपुत्र गादीवर बसतो आणि नगारे वाजतात, बस. आबाचा अकरावा मला ठाऊक नाही आणि मला तो कुणी सांगणार नाही. दारवालीपुढे मी दुसऱ्याचं उणं सांगून आत गेले, माझं सांगायचं राहिलंच. ते उंचीचं नव्हतं. मला एकटीनं रविवार काढता येत नाही.

वहीत अकराव्या भागाची पानं अजून कोरीच आहेत. फक्त शेवटच्या पानावर तळाला, लाल शाईत, साहेबांच्या अक्षरात दोन ओळी आहेत.

ऐकला. अंतरं जुळत नाहीत.

राहू द्या.